डाळिंबावरच्या पक्ष्याचा पंचनामा

पक्षी रंगावरून ओळखावा, असं ज्याचं म्हणणं असेल त्यानं एकदा मिरजगावला येऊन आमच्या डाळिंबाखाली बसून दाखवावं. मी बसलो होतो. त्र्याहत्तर सालचा, दुष्काळातला, जवळजवळ सगळा उन्हाळा बसलो होतो, आणि बसताना जी काही माहिती जवळ होती तीही उठताना शिल्लक राहिली नव्हती.

मी त्या वेळी मिरजगावच्या जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होतो. खरे डॉक्टर कर्जतला बसत आणि जीप मिळाली की आमच्याकडे येत. जीप मिळत नसे. त्यामुळे गाव मलाच डॉक्टर म्हणे. सुरुवातीला मी चार जणांना समजावून सांगितलं की बाबांनो, मी डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस आहे. त्यांनी 'बरं डॉक्टर' म्हटलं आणि बैल पुढे केला. मग मी सांगायचं सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, कानाला बरंही वाटत होतं. दाराच्या पाटीवर माझ्या नावाआधी कुणीतरी हौसेनं 'डॉ.' रंगवलं, ते मी पुसलं नाही. आपण रंगवायचं नाही आणि दुसऱ्यानं रंगवलेलं पुसायचं नाही, हा मध्यमवर्गीय माणसाचा प्रामाणिकपणा असतो.

आम्ही आक्काबाईंच्या घरात अर्ध्या बाजूला भाड्यानं राहत होतो. अर्ध्या बाजूला त्या स्वतः. मागच्या अंगणात न्हाणीच्या मोरीशेजारी एक डाळिंब होतं, आणि ते माझ्या बायकोच्या, विमलच्या जिवावर जगत होतं. विहिरी आटलेल्या, टँकर आला तर आला. प्यायच्या पाण्यातला थेंबही झाडाला द्यायचा नाही एवढं विमलला कळत होतं, म्हणून तिनं माझं अंघोळीचं पाणी धरायला सुरुवात केली. मी पितळी परातीत उभा राहून एक तांब्या अंगावर घ्यायचा आणि परातीतलं पाणी सांडू न देता पाय बाहेर काढायचा. सरकारी नोकरानं ओल्या पंच्यानिशी परातीतून एका पायावर उतरायचं, आणि पलीकडून आक्काबाईंनी 'हळू, डॉक्टर, झाडाचं पानी सांडंल' म्हणायचं, यात माणसाची प्रतिष्ठा कितपत राहते ते तुम्हीच ठरवा. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फुलावर असलेलं ते एकच झाड होतं. विमल त्याच्याकडे जाता-येता बघत असे.

पडवीच्या खांबाला माझा दाढीचा आरसा होता. एका सकाळी गालाला साबण लावून वस्तरा टेकवतोय तोच काहीतरी काळं, चिमणीहूनही लहान, सूं करून माझ्या नाकासमोरून गेलं आणि आरशावर धडकलं. वस्तरा गालात रुतला. ते काळं पुन्हा मागे आलं, पुन्हा धडकलं. आरशात दिसणारा पक्षी दुसराच कुणी आहे आणि तो आपल्या डाळिंबावर हक्क सांगायला आलाय, अशी त्याची समजूत झाली होती. चोच बारीक, लांब आणि खाली वाकलेली, गोणी शिवायच्या दाभणासारखी. भांडून दमल्यावर ते डाळिंबाकडे गेलं, फुलापुढे हवेत क्षणभर तरंगत राहिलं आणि चोच खुपसून मध प्यायलं.

गालाला तुरटी लावत असताना आक्काबाई आल्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हे कंचं पाखरू म्हनायचं?"

आता मला बैलाचं वय दातांवरून सांगता येतं, म्हैस गाभण आहे की नाही हे बाहेरून बघून बरंचसं सांगता येतं. पाखरांशी माझा संबंध कोंबडीपर्यंत. पण ज्याला डॉक्टर म्हणून विचारलंय त्यानं 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं? मला मॅट्रिकच्या इंग्रजीतला एक धडा आठवला. त्यात हवेत तरंगून मध पिणारा एक चिमुकला पक्षी होता. मी तुरटी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "हमिंग बर्ड. परदेशी आहे. अमेरिकेत असतो."

आक्काबाईंनी एवढंच विचारलं की मग हे इथवर आलं कशात बसून. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण त्यांच्याकडे होतं. त्या वर्षी रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी येत होती, मिलो. तिची भाकरी थापली की तडकायची आणि खाल्ली की पोटात दिवसभर बोलायची. परदेशच्या धान्याबरोबर रानात एक घाणेरडं गवत आलंय, हे तर गावाला आधीच पटलेलं होतं. धान्याबरोबर गवत येतं तर पाखरू का येणार नाही? दुपारपर्यंत सगळ्या मिरजगावला कळलं की डॉक्टरांच्या डाळिंबावर मिलोच्या पोत्यातून आलेलं अमेरिकेचं पाखरू आहे. संध्याकाळी रेशनच्या रांगेत लोक पोतं झटकून बघत होते.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. मला सल्ला देण्यासाठी माणसाला पक्ष्यांतलं काही कळावंच लागतं असं नाही, हे मला तेव्हा समजलं. सरपंच उत्तमराव म्हणाले, याला साखरपाणी ठेवा, पाहुणं आहे. छगन टेलरचं म्हणणं, पक्षी काळा नाहीच, ती मोरपंखी शेड आहे आणि असं ब्लाउजपीस नगरला मिळतं. मी त्याला म्हणालो की मी वीतभर अंतरावरून रक्त सांडून पाहिलाय, काळा कुळकुळीत आहे. तो म्हणाला, कापडाचा रंग दुकानाच्या आत बघू नये. मला वाटलं, याला धंद्याशिवाय काही सुचत नाही.

हायस्कुलातले विज्ञानाचे सूर्यभान मास्तर लायब्ररीतलं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन आले. पुस्तक जाडजूड होतं, चित्रंही भरपूर होती, पण सगळी एकरंगी छपाईची. त्यात मोरसुद्धा काळा होता. आमचा पक्षी काळा असल्यामुळे पुस्तकातला कुठलाही पक्षी आमचा असू शकत होता. मास्तरांनी तासभर पानं चाळली आणि चहा पिऊन, हा कोतवाल पक्षी नसेल तर दुसरा कुठलातरी असावा, असं मत दिलं.

त्यात एक नवाच घोळ झाला. डाळिंबाच्या खालच्या फांदीला एक जळमट लोंबत होतं. गवताच्या काड्या, कोळ्याचं जाळं, वाळक्या पानांचा चुरा, असा सगळा केर एकत्र होऊन टांगलेला. मी विमलला दोनदा म्हणालो होतो की घर झाडतेस आणि झाड तसंच ठेवतेस. शेवटी ती केरसुणी घेऊन गेली, तर जळमटाला बाजूनं एक भोक, भोकावर छज्जा काढलेला, आणि भोकातून एक वाकडी चोच बाहेर. ती केरसुणी तशीच मागे घेऊन आली आणि मला हळूच म्हणाली, "अहो, घर आहे ते."

पण घरातून जी बाहेर आली ती काळी नव्हती. पाठीला मातकट, पोटाला पिवळी. चोच मात्र तीच, दाभणाची. थोड्या वेळानं काळा आला आणि त्याच भोकात चोच घालून गेला. मग दुपारच्या उन्हात एक जांभळा आला. असा जांभळा की डोळे दिपावेत. म्हणजे एका घरात काळा, पिवळी आणि जांभळा. आम्ही आक्काबाईंचे भाडेकरू, आमचा भाडेकरू काळा, आणि त्यानं दोन पोटभाडेकरू ठेवलेले. मी दवाखान्यातून लवकर येऊन डाळिंबाखाली बसू लागलो. जितका बसलो तितके पक्षी वाढत गेले. एकदा निळा दिसला, एकदा हिरवट. विमल म्हणायची, दोघंच आहेत. मी तिला विचारलं, कशावरून? ती म्हणाली, कामावरून. याला पुरावा म्हणत नाहीत असं मी तिला सांगितलं.

घरट्यात पिल्लं झाली. आत काही दिसत नव्हतं, पण आई आली की भोकातून बारीक चिवचिव ऐकू यायची आणि विमल हातातलं काम थांबवायची. त्या वर्षी आमच्या आसपास नवं असं काही जन्मलेलं जगत नव्हतं. गुरांच्या छावणीतली वासरं मी रोज बघत होतो, घरी येऊन त्याबद्दल बोलत नव्हतो, पण तिला कळत असणार. संध्याकाळी मी आलो की ती पहिल्यांदा पिल्लांची बातमी सांगायची, मग पाणी द्यायची.

आणि नेमक्या त्याच सुमारास शेजारच्या रंभाजींच्या कोंबड्या मेल्या.

कोंबड्यांना मानमोडी झाली होती. मान वाकडी होते, गरगर फिरतात आणि मरतात. ती उन्हाळ्यात येतेच, आणि लस टोचून घ्या म्हणून मी रंभाजींच्या मागे लागलो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, कोंबडीला कशाला दुखवायचं. आता ते हातात बांबूचा लांब कळक घेऊन आमच्या अंगणात आले. मागे उत्तमराव, छगन, निम्मी गल्ली. रंभाजी तसे मऊ माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "डॉक्टर, तुमीच म्हनला हुता परदेशी हाय म्हनून. परदेशी पाखरू, परदेशी रोग. आज कोंबड्या गेल्या, उद्या म्हस जाईल. माझ्याकडं येक म्हसच राह्यलीय."

मी मानमोडी समजावून सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. उत्तमराव म्हणाले, ते बरोबर आहे, पण मानमोडी आणली कुणी? छगननं घरट्यात अडकलेली सुतळी दाखवली. ती खरोखरच मिलोच्या पोत्याची होती, तिला निळ्या शाईचा डाग होता. गावानं माझ्याच शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि माझा शब्द मागे घ्यायला मीच तयार नव्हतो.

रंभाजींनी कळक उचलला. विमल परात घेऊन डाळिंबापुढे उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती. मला काय बोलावं सुचेना, आणि सुचेना म्हणून जे रोज कानावर पडत होतं तेच तोंडातून गेलं. मी म्हणालो, "पंचनामा झाल्याबिगर हात लावायचा नाही."

कळक थांबला. त्या वर्षी मिरजगावात पंचनाम्याशिवाय काही होत नव्हतं. पिकाचा पंचनामा, विहिरीचा पंचनामा, मेलेल्या बैलाचा पंचनामा. आधी हात लावला आणि मग पंचनामा झाला तर काही मिळत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. रंभाजींनाही ते पटलं. कोंबड्यांचं काही मिळालं तर बघावं, असंही त्यांच्या मनात आलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी भाऊसाहेबांना बोलवायचं ठरलं.

भाऊसाहेब सकाळी आले, चहा घेतला आणि पक्ष्याचा नमुना दप्तरात नाही म्हणून मोकाट जनावराचा नमुना काढला. शिंगे: नाहीत. वशिंड: नाही. शेपूट: आहे, आखूड. रंगाशी आल्यावर त्यांनी पंचांना बघायला सांगितलं.

पंच पाच. उत्तमराव पडवीत खुर्चीवर सावलीला होते, ते म्हणाले काळा. छगन उन्हाला पाठ करून उभा होता, तो म्हणाला जांभळा, आणि सावकाश मोरपंखीवर आला. सूर्यभान मास्तरांनी मान तिरकी करून निळा सांगितला. आक्काबाई मोरीच्या दगडावर घरट्याजवळ बसल्या होत्या, त्यांनी पिवळा सोडून दुसरा रंग मान्य केला नाही. रंभाजी म्हणाले, सगळेच आहेत, ती टोळी आहे.

भाऊसाहेबांनी पेन वर धरलं. सही करायची तर सगळ्यांनी एका मजकुराखाली करायची, पाच पंचांचे पाच पक्षी सरकार कसे मान्य करील? पंचांची आपसात जुंपली. उत्तमराव छगनला म्हणाले, तुला दिसत नाही. छगन म्हणाला, जागा बदलून बघा. सरपंच खुर्ची सोडून उन्हात जाणं शक्यच नव्हतं.

एवढ्यात तो काळा आरशावर आला. रोजच्यासारखा स्वतःशी भांडला, आणि भांडता भांडता खांबाच्या सावलीतून उन्हाच्या पट्ट्यात सरकला. मी तिथंच उभा होतो. सावलीत काळा होता तो उन्हात गळ्यापासून जांभळा झाला, मान वळवली तसा निळा झाला, आणि परत सावलीत गेला तसा काळा. इतके दिवस मी एकाच पक्ष्याला वेगवेगळ्या वेळी बघून त्याचं खटलं वाढवत होतो. मी ओरडूनच सांगितलं की हा एकच आहे, ऊन-सावलीनं रंग बदलतोय, आणि पिवळी त्याची बायको आहे.

कुणालाही पटलं नाही. रंभाजी म्हणाले, "मंग माझी म्हस उन्हात बांधली तर तांबडी व्हईल का?" लोक हसले. भाऊसाहेबही हसले, मग कामाच्या आवाजात म्हणाले की पंचांचं जुळत नाही, तेव्हा तज्ज्ञाचं मत लिहू. डॉक्टर, पक्षी कोणता आणि देशी की परदेशी, एवढं खात्रीनं सांगा, तुमच्या शब्दावर घरटं ठेवायचं की काढायचं ते ठरेल.

देशी म्हणावं तर आधी परदेशी म्हणालो होतो. परदेशी म्हणावं तर रंभाजींचा कळक अजून हातातच होता. घरट्यातून चिवचिव चालली होती. विमल परात छातीशी धरून उभी होती. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. तेव्हाही ठाऊक नव्हतं. आक्काबाईंनी विचारलं म्हणून ठोकून दिलं."

उत्तमरावांनी अगदी हळू, जणू कुणाच्या घरी वाईट घडलंय अशा आवाजात विचारलं, "डॉक्टरलाच ठावं न्हाई?" मी मान हलवली. आपण परातीतून एका पायावर उतरतोय आणि सगळं गाव बघतंय, असं वाटलं.

पण भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिलं: पंचांत एकमत नाही, तज्ज्ञासही सांगता येत नाही, सबब प्रकरण वर अभिप्रायार्थ सादर, आणि वरून उत्तर येईपर्यंत घरटे जैसे थे. हे शब्द त्यांनी मोठ्यानं वाचले. रंभाजींनी कळक खाली टेकवला. त्यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांध वडिलांच्या वेळेपासून कोर्टाच्या हुकमानं जैसे थे होता. त्या बांधावरची काडी त्यांनी कधी हलवली नव्हती आणि हलवू दिली नव्हती. जाताना त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना बजावलं की घरट्याला कुणी बोट लावायचं नाही, जैसे थे आहे, कोर्टकचेरी होईल. त्यानंतर मांजर आलं तरी रंभाजीच हाकलत.

त्या दुपारी मी जेवायला बसलो तेव्हा विमलनं मिलोच्या भाकरीवर तूप वाढलं. घरात तूप आहे हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बरं केलंत." मी म्हणालो, भाकरी आज तडकली नाही.

पिल्लं उडाली. एक तर माझ्या वाळत घातलेल्या पंच्यावर येऊन बसलं आणि बसल्या जागी झोपलं. पंचा संध्याकाळपर्यंत काढायचा नाही असा हुकूम झाला. मग पाऊसही झाला, चांगला झाला, आणि गावाचं मत फिरलं. पाऊस अमेरिकेच्या पाखरानं आणला. आता मी जीव तोडून सांगत होतो की ते देशीच असणार, पण ऐकणार कोण? आक्काबाई म्हणत, डॉक्टरला त्यातलं काही कळत नाही, त्यांनी स्वतः कबूल केलंय. रंभाजींनी डाळिंबाची फांदी मागून नेऊन आपल्या मोरीशेजारी लावली.

वरून उत्तर श्रावणात आलं. कचेरीत कुणीतरी पक्ष्यांतलं कळणारा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं की रंगापुरतं पाचही पंचांचं म्हणणं खरं आहे. हा शिंजीर. इथलाच, पिढ्यान्पिढ्यांचा. नर सावलीत काळा, उन्हात जांभळा-निळा. मादी पिवळी. विणीचा हंगाम सरला की नराचा झगझगीत पोशाखही उतरतो, तो मादीसारखाच पिवळा होतो आणि गळ्यावरून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते. मी ते विमलला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. "दोघंच आहेत म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशावर एक पिवळा पक्षी आला. गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ. मी वस्तरा बाजूला धरला. तो भांडला नाही. आरशात बघितलं, मान इकडे केली, तिकडे केली, आणि गुपचूप डाळिंबाकडे गेला. सगळा थाट उतरल्यावर स्वतःची ओळख पटली असावी, किंवा अजिबात पटली नसावी. मी तेवढ्यावर काही मत देत नाही. मला आरशात माझं तोंड दिसत होतं, अर्धं साबणाचं, अर्धं माझं.

तेवढ्यात दाराशी रंभाजींचा आवाज आला. म्हैस अडली होती. धापा टाकत विचारत होते, "डॉक्टर हायेत का घरात?"

मी गालाचा साबण पुसला आणि म्हणालो, "डॉक्टर कर्जतला असतात, रंभाजी. मी आहे. येऊ का?"

रंभाजी म्हणाले, "तुमी तर तुमी, चला लवकर. म्हशीला कुठं वळखू येतंय."